हवेचा रोध नगण्य मानल्यास

३२ वर्षं मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. प्रक्षेप्य गतीचा धडा आला की फळ्यावर पहिलं वाक्य इंग्रजीत लिहायचो आणि तोंडानं मराठीत म्हणायचो, "हवेचा रोध नगण्य मानू." हवा एकदा वर्गाबाहेर काढली की सगळं कसं शिस्तीत चालतं. पॅराबोला सुबक येतो, ४५ अंशांना सर्वांत जास्त पल्ला मिळतो, पोरं सूत्र घोकतात आणि परीक्षेत पाच मार्क पदरात पाडून घेतात. मागच्या बाकावरून एखादा दरवर्षी विचारायचाच, "सर, पण खरोखरची हवा असते तेव्हा?" त्याला माझं ठरलेलं उत्तर होतं: पल्ला थोडा कमी भरतो, बाकीचं गणित अवघड आहे, इंजिनिअरिंगला गेलास की कळेल.

या उत्तरातही गफलत आहे, हे मला वयाच्या ६२व्या वर्षी कळलं. विजेच्या बिलाच्या पाठीमागे मी एक हिशेब मांडला होता. अमेरिकेतल्या पीजीए टूर या गोल्फ स्पर्धामालिकेतला व्यावसायिक खेळाडू ड्रायव्हरनं, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबनं (गोल्फच्या काठीनं), फटका मारतो तेव्हा चेंडू साधारण ताशी १६७ मैलांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास ७५ मीटरनं निघतो. जमिनीशी कोन असतो जेमतेम ११ अंशांचा. माझ्या लाडक्या सूत्रात हे आकडे घातले की पल्ला येतो साधारण २१० मीटर. प्रत्यक्षात तो चेंडू २५० मीटरच्या आसपास जाऊन टेकतो. म्हणजे हवेनं काही काढून घेतलं नाहीच, वर पदरचे ४० मीटर घातले. मी दोनदा ताळा केला. हिशेब बरोबर होता.

(निर्वातात तोच चेंडू ४५ अंशांनी मारला तर साडेपाचशे मीटरच्याही पुढे जाईल, हे खरं. पण निर्वातात गोल्फ खेळायचा तर इतर अडचणी बऱ्याच आहेत.)

हे ४० मीटर येतात फिरकीतून. ड्रायव्हरनं मारलेला चेंडू मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार वेळा उलटा फिरत असतो. उलटा म्हणजे त्याचा माथा आपल्याकडे येतो आणि तळ पुढे जातो. असा फिरणारा चेंडू मागून निसटणाऱ्या हवेला खाली वळवतो, आणि हवा त्याची परतफेड म्हणून चेंडूला वर उचलते. सुरुवातीच्या टप्प्यात ही उचल चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त असते, म्हणून चांगला ड्राइव्ह आधी जमिनीलगत निघून मग विमानासारखा वर चढताना दिसतो. चेंडूवरच्या खळग्यांचं काम वेगळं. ते साधारण ३०० ते ५०० असतात, आणि चेंडूला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरात मुद्दाम खळबळ माजवतात. खळबळलेला थर चेंडूच्या पाठीला जास्त वेळ चिकटून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि खेचणारा रोध जवळपास निम्म्यावर येतो. गुळगुळीत चेंडू त्याच फटक्याला साधारण निम्मंच अंतर कापतो. १९व्या शतकात गटापर्चाचे (झाडाच्या चिकाचे) गुळगुळीत चेंडू आले तेव्हा खेळाडूंच्या लक्षात आलं की नवाकोरा चेंडू मध्येच पडतो आणि मार खाऊन ओरखडे पडलेला चेंडू छान उडतो. मग ते नवे चेंडू आधी हातोडीनं टोचून घ्यायला लागले. हवेचं शास्त्र कळायच्या कितीतरी आधी.

आता मी गोल्फकडे कसा वळलो, ते. विमानतळाकडे जाताना येरवड्याच्या गोल्फ कोर्सची हिरवळ रिक्षातून दिसायची, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. पण जावई फौजेत. त्यांची बदली पुण्याला झाली आणि एका रविवारी ते म्हणाले, "बाबा, गुडघ्यांसाठी चालायला जाताच ना? मग चार तास चाला. मध्ये मध्ये बॉल मारा." गोल्फपटू अनिर्बन लाहिरी पुण्यात जन्मला, टोकियो ऑलिंपिक खेळलेला उदयन माने पुण्याचा, असले दाखलेही त्यांनी दिले. त्या दोघांच्या गावाचा माझ्या फटक्याशी काय संबंध, हे मी जावयांना विचारू शकलो नाही.

पहिल्या मास्तरांचं नाव घेत नाही. माणूस सज्जन होता, वेळेवर यायचा. मी फटका मारला की चेंडू समोर कडुनिंबाच्या रोखानं निघायचा आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळून कुंपणाच्या दिशेनं चालू पडायचा. याला स्लाइस म्हणतात. शिकाऊ खेळाडूंपैकी बहुतेकांना हा आजार असतो. मास्तर म्हणायचे, "सर, डोकं वर आलं." पुढच्या फटक्याला मी हनुवटी छातीत रुतवायचो. चेंडू उजवीकडे. "उजवा हात घट्ट झाला." उजवीकडे. "खांदा आधी फिरला." उजवीकडे. "घाई केलीत." दीड महिन्यात माझ्या शरीराच्या जवळपास प्रत्येक अवयवाला दोष देऊन झाला होता. घरी ही म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर नाकासमोर चाललात, तुमचा बॉल कुणावर गेला?"

शेवटी मास्तरांनी निदान केलं. बॉल सरळ निघतो, म्हणजे तुमचा क्लब सरळ रेषेत जातोय. नंतर उजवीकडे वळतो, म्हणजे क्लबचा फेस, चेंडूला लागणारी बाजू, उघडा, उजवीकडे बघत राहतोय. फेस बंद करा. त्यांनी माझी ग्रिप फिरवून दिली. आणि चमत्कार झाला: चेंडू उजवीकडे जायचा थांबला. आता तो निघतानाच डावीकडे निघायचा आणि थेट डावीकडेच जायचा, शेजारच्या रांगेतल्या लोकांनी मागे सरावं इतका. दोन आठवडे मी उजवं कुंपण आणि डावं कुंपण यांच्यात लंबकासारखा झुलत राहिलो.

मास्तरांचा तर्क त्यांच्या पदरचा नव्हता. कित्येक दशकं जगभरातल्या गोल्फच्या वर्गांत हेच शिकवलं जात होतं: चेंडू क्लबच्या मार्गानं निघतो आणि मग फेस जिकडे बघतो तिकडे वळतो. ऐकायला पटतं. फक्त वास्तव जवळजवळ उलटं आहे. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेनं. ड्रायव्हरच्या बाबतीत दिशेचा साधारण ८५ टक्के वाटा फेसचा, लोखंडी क्लबांच्या बाबतीत ७५ टक्के. आणि तो वळतो ते फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. मार्ग फेसच्या डावीकडे असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे, उजवीकडे असेल तर डावीकडे.

माझ्या चेंडूला हा नियम लावून बघा. सरळ निघतो, म्हणजे फेस जवळपास सरळच आहे. त्याला हात लावायचं कारण नव्हतं. जोरात उजवीकडे वळतो, म्हणजे क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येतोय. दोष मार्गाचा. जुन्या नियमानं मास्तरांनी चांगल्या फेसवर उपचार केले आणि बिघडलेला मार्ग तसाच ठेवला. फेस मार्गाच्या दिशेला वळला, दोघांचं जुळलं, चेंडू वळायचा थांबला आणि डावीकडे सुटला. डावा पाय दुखतोय आणि डॉक्टरांनी उजव्या पायाला प्लॅस्टर घातलं, त्यातला प्रकार. शिवाय स्लाइस करणारा माणूस आपणहून एक उद्योग करतो: चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो डावीकडे नेम धरतो. त्यानं मार्ग आणखी डावीकडे जातो, फरक वाढतो, चेंडू जास्तच वळतो. मग तो आणखी डावीकडे उभा राहतो. मी तर एक दिवस पार पार्किंगकडे तोंड करून उभा होतो.

एवढी मोठी चूक इतकी वर्षं टिकली कशी, हा प्रश्न मला फटक्यापेक्षा जास्त सतावतो. एक कारण उघड आहे. चेंडू आणि क्लब यांची भेट अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकते. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या स्विंगमध्येही तेवढ्या वेळात क्लब सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकतो, आणि सगळा निकाल तेवढ्यात लागतो. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. मग माणूस आपल्याला जे वाटलं तेच घडलं असं धरून चालतो. उत्तम खेळाडू तर हमखास. त्याला वाटतं मी असं केलं, तो तसं सांगतो, ऐकणारे लिहून घेतात. पण दुसरं कारण आम्हा शिक्षकांना लाजवणारं आहे, कारण खरी गोष्ट माहीत नव्हती असं नाही. १९६८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रयोग करून फेसचं वजन जास्त असतं हे छापलं होतं. १९९४ साली नेब्रास्का विद्यापीठातल्या थिओडोर जॉर्गेन्सन या भौतिकशास्त्रज्ञानं फेस आणि मार्ग या दोन दिशांनी मिळून बनणाऱ्या एका प्रतलाची कल्पना मांडली. चेंडू त्या प्रतलाच्या कलानं वळतो, तेवढ्या एका आकृतीत सगळं येतं. तरी वर्गांत जुनंच चालू राहिलं. २००३ साली डेन्मार्कमध्ये ट्रॅकमन ही कंपनी निघाली, डॉप्लर रडारची नारिंगी पेटी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, आली, आणि प्रत्येक फटक्याचा आकडा पडद्यावर दिसायला लागला, तेव्हा कुठे शिकवणी बदलू लागली. छापलेलं ढिम्म हलवू शकलं नाही ते पडद्यावरच्या आकड्यानं हलवलं.

या सगळ्या गर्दीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो पीटर गथ्री टेट. एडिंबराचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, आणि गोल्फचं असं वेड की सेंट अँड्र्यूजला दिवसात पाच-पाच फेऱ्या खेळायचा. त्याचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश हौशी गोल्फचा विजेता झाला. गोष्ट अशी सांगतात की प्राध्यापकांनी गणितानं चेंडूच्या पल्ल्याची कमाल मर्यादा काढली आणि पोरानं मैदानात जाऊन ती ओलांडून दाखवली. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा. टेटनं खरोखर जे केलं ते जास्त सुंदर आहे. त्यानं चेंडूला एक लांब फीत बांधली, दुसरं टोक पक्कं केलं, चेंडू जवळच्या मऊ मातीच्या भिंतीत मारायला लावला, आणि मग बसून फितीला किती पीळ पडले ते मोजले. फिरकी मोजली त्यानं, फितीच्या पिळांवरून! त्या काळी खेळाडूंचा समज होता की फिरकी म्हणजे दोष, चांगल्या फटक्यात ती असूच नये. टेटनं दाखवलं की उलटी फिरकी नसेल तर चेंडू तेवढा वेळ हवेत राहूच शकत नाही. फ्रेडी १९०० साली बोअर युद्धात मारला गेला आणि पुढच्याच वर्षी टेटही गेला. फितीचे पीळ मोजणारा तो बाप मला अधूनमधून आठवत राहतो.

माझा दुसरा मास्तर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, पस्तिशीचा. त्याचे वडील येरवड्याकडे कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारे, होते. भारतात हा रस्ता जुना आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हाही दिल्लीत कॅडी म्हणूनच सुरुवात केलेला. मी याला 'सर' म्हणतो, तो मला 'सर' म्हणतो, त्यामुळे तिसऱ्या माणसाला कोण कुणाला शिकवतंय ते कळत नाही.

पहिल्या दिवशी त्यानं मला काहीच सांगितलं नाही. स्टूल घेऊन मागे बसला आणि प्रत्येक फटक्यानंतर दोनच प्रश्न विचारले. "सर, कुठून निघाला? कुठं वळला?" मला उत्तर देता येईना. मी आजवर फक्त चेंडू कुठे पडतो तेवढंच बघत होतो. वीसेक चेंडूंनंतर मला निघण्याची दिशा दिसायला लागली. तो म्हणाला, हे त्यानं वडिलांकडून उचललं. कॅडीला बॉल शोधून द्यायचा असतो, झाडीत हरवला तर बोलणी त्यालाच. म्हणून तो पडण्याची जागा शेवटी बघतो, आधी बघतो निघाला कुठून. वडिलांनी 'पाथ' (क्लबचा मार्ग) हा शब्द कधी वापरला नाही, पण साहेबांचा बॉल हवेत असतानाच ते चालायला लागायचे आणि बरोब्बर त्या झुडपापाशी जाऊन उभे राहायचे.

मग त्यानं पाण्याची एक रिकामी बाटली माझ्या चेंडूच्या थोडी मागे, पलीकडच्या बाजूला ठेवली. क्लब बाहेरून कापत आला तर बाटलीला लागणार. आणि एवढंच म्हणाला, "कडुनिंबाच्या उजवीकडून काढा, वळून झाडावर आणा." खांदे, मनगटं, डोकं, कशाचंही नाव नाही. पहिल्या पाच फटक्यांत बाटली पाच वेळा उडाली. मग हळूहळू ती उभी राहायला लागली. चेंडू अजून वेडेवाकडे जात होते, पण वेडेपणाची जात बदलली होती. चाळिसाव्या का पन्नासाव्या चेंडूला तो झाडाच्या उजवीकडून निघाला आणि अगदी हळू, जणू पुनर्विचार करून, डावीकडे झुकला. मी आयुष्यात पहिल्यांदा चेंडू डावीकडे वळवला होता. मागे वळून बघितलं तर सर मोबाइलवर चहा मागवत होते.

इथे माझ्यातला फिजिक्सचा मास्तर जागा झाला आणि घोटाळा केला. मी घरी येऊन आकृत्या काढल्या. फेस अमुक अंश, मार्ग तमुक अंश, लोखंडी क्लब खाली येताना चेंडूवर आदळतो म्हणजे मार्गाला उजवीकडचा घटक मिळतो, तो वजा केला पाहिजे... हे सगळं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी मी ते डोक्यात घेऊन चेंडूपाशी उभा राहिलो आणि चार वेळा जमीन खणली. पाचव्यांदा चेंडू वरून घासला जाऊन दहा पावलं घरंगळला. सर म्हणाले, "आकडे मी बघतो सर, तुम्ही झाड बघा." याला आधार आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली नवशिक्यांना गोल्फचा छोटा फटका शिकवून पाहिला. ज्यांना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं त्यांच्यापेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे सरस शिकले. म्हणजे उड्डाणाचं शास्त्र यायला हवं ते शिकवणाऱ्याला. शिकणाऱ्यापर्यंत त्यातली एक रिकामी बाटली पोचली तरी पुरते. मला हे पटायला महिना लागला, कारण मला दोन्ही खुर्च्यांवर बसायचं होतं.

लोखंडी क्लब सुधारले, ड्रायव्हर मात्र उजवीकडेच. सरांनी एक दिवस कुठूनशी रडारची पेटी मागून आणली. पडद्यावर मार्ग ठीक, फेस ठीक, दोघांत अर्ध्या अंशाचा फरक. चेंडू तरीही केळ्यासारखा वाकडा! मला आसुरी आनंद झाला. म्हटलं, आता तुमचा नवा नियमही पडला. सर क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "सर, तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत, खडू आहे का घरी?"

खडू माझ्या बॅगेतच होता. सवय जात नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या फेसवर खडू फासला आणि मला मारायला सांगितलं. चेंडूचा ठसा फेसच्या मध्यावर नव्हता. दांड्याच्या बाजूला, टाचेकडे होता. पुन्हा मारला, पुन्हा तिथेच. तो ठसा दिसला आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली, कारण हे तर आमच्याच पुस्तकातलं. फटका वस्तुमानकेंद्रापासून बाजूला बसला की क्लबचं डोकं स्वतःभोवती थोडं फिरतं. त्या क्षणी चेंडू त्याला चिकटलेला असतो, म्हणून तो दात्यांच्या चाकांच्या जोडीतल्या दुसऱ्या चाकासारखा उलट फिरतो. टाचेकडे बसला तर उजवीकडे वळणारी फिरकी, टोकाकडे बसला तर डावीकडे. ड्रायव्हरचा फेस सपाट नसून किंचित फुगीर असतो तो याच हिशेबानं, निघण्याची दिशा थोडी उलट देऊन वळण भरून काढायला. म्हणजे माझ्या मार्गात काही बिघडलं नव्हतं. मी चेंडूच्या पाव-अर्धा इंच जास्त जवळ उभा होतो. कुणी पुन्हा माझा स्विंग दुरुस्त करायला घेतला असता तर सुधारलेलं सगळं मोडलं असतं. उपाय काय, तर तेवढंच मागे सरकणं. लाखांच्या घरातली पेटी अडली तिथे खडूनं काम केलं, हे मी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर पाच वेळा सांगितलंय.

अशी छोटी-छोटी ज्ञानं बरीच आहेत. चेंडू उचलायला जाऊ नका, क्लबच्या तिरकस फेसला ते काम दिलेलं आहे. तुम्ही खाली मारा. वारा समोरून असेल तर जोर वाढवू नका, जोरानं फिरकी वाढते, चेंडू पतंगासारखा वर चढून जागीच खाली येतो. मोठा क्लब घ्या आणि हलका मारा. पावसाळ्यात गवत ओलं असलं की चेंडू आणि फेस यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो, पकड जाते, फिरकी कमी होते. आणि मुंबईचे लोक 'आज हवा दमट, जड आहे, बॉल जात नाही' म्हणतात ते तर साफ खोटं. पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका, १८ विरुद्ध २८. दमट हवा उलट किंचित हलकी असते. जड होतो तो खेळणारा.

खडूच्या त्या दिवशी घरी येताना मात्र मला एक मुलगा आठवला. १९९०च्या दशकातला, अकरावीचा, गावाकडून आलेला, तेल लावून भांग पाडणारा. त्याची साधी गणितं बरोबर यायची, पण एका प्रकारात तो दर वेळी पडायचा: मनोऱ्याच्या टोकावरून दगड वर फेकला, तो वर जाऊन खाली जमिनीवर आला, तर किती वेळ लागला? तीन चाचण्यांत तीनदा चूक. मी तिन्ही वेळा लाल शाईनं लिहिलं, 'लक्ष दे.' तिसऱ्या वेळी अधोरेखित करून.

सिग्नलला रिक्षा थांबलेली असताना मला ती चूक लख्ख दिसली. तो वर जाताना g ऋण घ्यायचा आणि खाली येताना धन. म्हणून नुसतं वर किंवा नुसतं खाली असलेलं गणित सुटायचं, आणि एकाच गणितात दोन्ही आलं की कोसळायचं. त्याची उत्तरं स्वैर नव्हती. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणाहून निघून एकाच बाजूला वळत होती. आणि 'वर जाताना ऋण, खाली येताना धन' हे त्याला शिकवलं कुणी? मीच. पहिल्याच आठवड्यात, पोरांना सोपं जावं म्हणून. चिन्ह तुम्ही धरलेल्या दिशेवरून ठरतं, दगडाच्या मर्जीवरून नाही, हे नीट सांगायला दोन तास गेले असते आणि पोर्शन मागे पडला असता. मीही डोकं वर आलं, डोकं वर आलं करत बसलो होतो. रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, डावीकडे ना?" मी म्हटलं, "सरळ घ्या," आणि वळण चुकवलं.

पहिल्या मास्तरांवरचा माझा राग त्यानंतर बराच उतरला.

आज सकाळी रेंजवर गेलो होतो. रात्री पाऊस झालेला, गवतात पाणी, कडुनिंब धुऊन निघालेला. पहिले दहा-बारा चेंडू बरे गेले. मग एक निघाला तो झाडाच्या बराच उजवीकडून, आणि उजवीकडेच सरळ चालत राहिला, एखादा माणूस रुसून निघावा तसा. मी नकळत ग्रिपकडे हात नेला. मागून आवाज आला, "सर, कुठून निघाला?"

"झाडाच्या उजवीकडून. चांगला दहा पावलं."

"वळला?"

"अजिबात नाही."

"मग?"

मी जरा वेळ त्या दिशेला बघत उभा राहिलो. "फेस आणि पाथ दोघांचं एकमत झालंय," मी म्हटलं, "फक्त मला न विचारता."

सर हसले आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं. खाली पाहिलं, तर मी उभाच उजवीकडे तोंड करून होतो. बकेटमध्ये अजून बावीस चेंडू होते.